स्वस्तातली हातबांधणीची रेफरन्स वही: काही महिने वापरल्यावर, आणि मुख्यतः ग्रेनबद्दल

कात्रणं आणि रंगपट्ट्या (रंगांचे नमुने) ठेवायला हाताने बांधलेली ही वही आता नीट मिटत नाही. म्हणजे अख्खी वही नव्हे, मधले चार सेक्शन (एकत्र दुमडून शिवलेले कागदांचे गठ्ठे) तेवढे फुगलेत. बाकीचे अजून सपाट आहेत. कागद तोच, 130 जीएसएमचा (चौरस मीटरला 130 ग्रॅम वजनाचा) कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद. शिलाई तीच, दोरा तोच, वर लागलेला जलरंगही तोच. फरक फक्त ग्रेनचा, म्हणजे कागदातले तंतू ज्या दिशेला पडलेत त्या दिशेचा. स्वस्तात वही बांधणारे कागदाचा भाव, जीएसएम, पांढरेपणा सगळं पाहतात आणि हे एवढं बघायचं सोडतात. बघायला पैसा लागत नाही, न बघितल्यास सगळं साहित्य वाया जातं, म्हणून यावर जरा जास्तच लिहितो.

मशीनवर कागद तयार होताना बहुतेक तंतू एका दिशेने पडतात. ओल लागली की तंतू लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत फुगतो. म्हणून कागद ग्रेनच्या आडव्या दिशेला पसरतो. ग्रेन कण्याला (वहीच्या शिवलेल्या कडेला) समांतर असेल तर पान मोकळ्या कडेकडे पसरतं आणि वाळलं की बसतं. ग्रेन कण्याला आडवी असेल तर पान कण्याच्या लांबीतच वाढू पाहतं, पण तिथे ते शिवलेलं असतं. मग कण्याजवळ लाटा येतात, आणि कितीही वजन ठेवा, त्या पूर्ण जात नाहीत.

गंमत म्हणजे ए4 कागद मधोमध दुमडून ए5 वही करणं ही सगळ्यात सोपी रीत, आणि तिथेच घोटाळा आहे. बाजारातल्या ए4 कागदाची ग्रेन बहुधा लांब बाजूला, म्हणजे 297 मिमीच्या दिशेला असते. घडी पडते 210 मिमीच्या दिशेला. म्हणजे बरोबर आडवी. उपाय असा: लांब ग्रेनचा ए3 घ्यायचा आणि 420ची बाजू अर्धी करून दोन ए4 कापायचे. आता त्यांची ग्रेन 210च्या दिशेला आली. दुमडले की घडीला समांतर. फुगलेले चार सेक्शन तयार ए4चे आहेत, सपाट राहिलेले ए3 कापून केलेले. ए4च हाताशी असेल तर तो उभा दुमडून 105 × 297 मिमीची उंच, चिंचोळी वही करावी. रंगपट्ट्यांना ती छान जमते.

ग्रेन ओळखायला कागदाचा 5 सेंमीचा चौकोन कापा. मूळ कागदाची लांब बाजू कुठली होती ते पेन्सिलने बाणाने दाखवा आणि एका बाजूने ओलं बोट फिरवा. चौकोन काही क्षणांत नळीसारखा वळतो. नळीची लांबी ज्या दिशेला, ती ग्रेन. जाड कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघितला तरी कळतं: जिकडे कमी विरोध, ती घडी ग्रेनला समांतर. काही पाकिटांवर मापातल्या एका आकड्याखाली रेघ असते, तीही ग्रेनचीच खूण. बऱ्याच पाकिटांवर काहीच नसतं, आणि याचा खरंच राग येतो. एक रेघ छापायला काय लागतं?

पुठ्ठ्यालाही ग्रेन असते. संपलेल्या रायटिंग पॅडची मागची बाजू किंवा खोक्यांचा पातळ पुठ्ठा चालतो. पातळ असेल तर तीन-चार थर एकाच दिशेने चिकटवून सुमारे 2 मिमी जाडी आणावी. बाहेरून कापड चिकटवलं की वाळताना पुठ्ठा बाहेर ओढला जातो, म्हणून आतून कागदी अस्तर हवंच, तेही त्याच ग्रेनचं. पन्हळी पुठ्ठा मात्र घेऊ नये, कडा चेपतात.

शिलाई कॉप्टिक (सेक्शन एकमेकांना साखळीसारख्या टाक्यांनी जोडणारी), कारण वही 180 अंशांत उघडी राहते आणि चित्र काढताना दोन्ही हात मोकळे राहतात. 130 जीएसएमचे तीन कागद एका सेक्शनला पुरे, 80 जीएसएमचे पाच. 210 मिमीच्या कण्याला पाच भोकं, टोकांपासून 15 मिमी आत, सगळ्या सेक्शनना एकाच कागदी साच्यावरून. दाभण आतून बाहेर, नेमकं घडीच्या रेषेवर. दोरा जाड सुती, मेणबत्तीवर दोनदा ओढलेला. शिवणकामाचा बारीक पॉलिएस्टर दोरा ताणला की कागद कापतो.

गोंदाबद्दल मत बदललं. सुरुवातीला ग्लू स्टिक फार आवडली होती, कारण पाणी कमी, पान वाकत नाही. पण काही महिन्यांत मासिकांतल्या गुळगुळीत कात्रणांचे कोपरे सुटायला लागले, आणि आता अख्खी कात्रणं सुटतात. त्यापेक्षा पांढरा पीव्हीए गोंद अगदी पातळ, मधून कडेकडे पसरलेला बरा. साध्या कागदाला मैद्याची खळ उत्तम: एक भाग मैदा, पाच भाग पाणी, मंद आचेवर ढवळत अर्धपारदर्शक होईपर्यंत. ती लवकर नासते, तेव्हा थोडीच करावी. दोन्हींना वर बटर पेपर आणि रात्रभर वजन लागतं. सेलोटेप कुठेही लावू नका, पिवळी पडते आणि चिकटा पानात उतरतो.

कात्रणं चिकटवली की कणा बारीक आणि मोकळी कड जाड होते. त्यासाठी शिवतानाच प्रत्येक सेक्शनच्या मध्ये 2 सेंमी रुंदीची कागदी पट्टी दुमडून घालावी. कण्याला तेवढी जाडी आधीच मिळते.

अनपेक्षित समाधान दिलं ते लेझर प्रिंट आणि फोटोकॉपीने: वरून जलरंग फिरवला तरी पसरत नाहीत. साध्या इंकजेटचे रंग बहुधा फुटतात.

रंगपट्टी करताना आधी वॉटरप्रूफ काळ्या पेनने आडवी रेघ मारा आणि तिच्यावरून रंग ओढा. रंग पारदर्शक की झाकणारा, ते लगेच दिसतं. शेजारी नावापेक्षा ट्यूबवरचा पिगमेंट कोड, म्हणजे रंगद्रव्याचा क्रमांक, लिहा. अल्ट्रामरीन म्हणजे पीबी 29, थॅलो ब्लू म्हणजे पीबी 15. नावं कंपनीगणिक फिरतात, कोड नाही. फक्त या वहीवरून रंगाचा टिकाऊपणा ठरवू नका. बंद वहीत उजेडच पोचत नाही, त्यामुळे उजेडात उडणारा अलिझरिन क्रिमसनही (पीआर 83) इथे ताजा दिसतो. प्रत्येक रंगाची पट्टी उभी कापून अर्धी वहीत आणि अर्धी उन्हाच्या खिडकीत लावावी, आणि दोन-तीन महिन्यांनी ती अर्धी तारखेसकट पहिलीच्या शेजारी चिकटवावी.