बॉबिन लेसचं स्टार्टर किट: उशी टिकली, मणी गळाले

परवा पुन्हा एका बॉबिनची तार उघडली आणि मणी सोफ्याखाली गेले. बॉबिन लेस म्हणजे बॉबिन नावाच्या काड्यांवर गुंडाळलेले दोरे उशीवर, टाचण्यांभोवती एकमेकांत गुंफून केलेली जाळी. तिचं किट घेऊन सात-आठ महिने झालेत, आता सविस्तर लिहायलाच हवं. गोल थर्माकोलची उशी, मिडलंड्स (मध्य इंग्लंड) पद्धतीच्या लाकडी बॉबिनी, पितळी टाचण्या, दोऱ्याची रिळं आणि टॉर्शनचे, म्हणजे साध्या भौमितिक जाळीच्या लेसचे, दोन-चार नमुने, असं जे किट नवशिक्यांना सगळीकडे सुचवतात तेच हे. साठ पौंडांच्या थोडं वर गेलं. इंग्लंडमधल्या बेडफर्डसारख्या, एके काळी घराघरात लेस होणाऱ्या गावी राहायला आल्यावर हे शिकायचंच असं ठरवलं होतं, म्हणून पैसे मोजले.

बॉबिनीपासून सुरुवात करते, कारण माझा सगळा राग तिथेच आहे. मिडलंड्सची बॉबिन म्हणजे बारीक सरळ काडी. एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन बॉबिनी, ती एक जोडी. तिच्या खालच्या टोकाला तारेत ओवलेल्या मण्यांचं कडं असतं, त्याला स्पँगल म्हणतात. दिसतो दागिना, पण काम वजनाचं. टॉर्शनच्या जाळीत अर्धा टाका, टाचणी, पुन्हा अर्धा टाका असं चालतं. टाचणी टोचून तुम्ही पुढच्या जोडीकडे वळलात की मागच्या जोडीचा दोरा ताणून धरायला कुणी नसतं, त्या कड्याचं वजन तेवढं असतं. शिवाय उशी मधे फुगीर असते. कडं नसेल किंवा हलकं असेल तर काडी उतारावर गोल फिरते, दोऱ्याचा पीळ सुटतो आणि जाळीची भोकं वेडीवाकडी होतात. म्हणून तर जुन्या कड्यांत चौकोनी मणी असायचे. काच गरम असताना कानशीने चारी बाजूंनी दाबून ते करत. चपट्या बाजू कापडावर टेकतात आणि काडी जागची हलत नाही.

माझ्या किटात प्लास्टिकचे गोल मणी निघाले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर अख्खं कडं ठेवलं तर काटा शून्यावरच. तार इतकी मऊ की दोन-तीन आठवड्यांत पहिली उघडली, मग एकामागून एक. दुकानदाराला फोटो पाठवले. उत्तर आलं की मणी शोभेचे असल्यामुळे हमीत बसत नाहीत. मी परत लिहिलं की मण्यांचं वजन नसेल तर ही बॉबिनच नाही, नुसती काडी आहे. त्यावर सुटे मणी वेगळे विकत मिळतील, असं सांगून दुवा पाठवला. लेसचं सामान विकणाऱ्याने मण्यांना शोभेचे म्हणावं, हे मला अजून पचत नाही. पैसे परत नाहीत, बदलीही नाही.

उशीबद्दल मात्र माझं मत उलटलंय. पहिल्या महिन्यात मी ओळखीच्या दोघींना कळवून मोकळी झाले होते की थर्माकोल म्हणजे पैसे पाण्यात. कारणही होतं. नमुना छोटा, त्याच भोकांत पुन्हा पुन्हा टाचण्या, त्यामुळे मधला भाग सैल पडला आणि टाचण्या डुलायला लागल्या. पण आमच्याकडे दर महिन्याला हॉलमध्ये लेसवाल्या जमतात. तिथल्या एका आजींनी उशी हातात घेऊन दाबून पाहिली, उलटी केली आणि म्हणाल्या, अजून एक बाजू कोरी आहे की! त्यांची स्वतःची उशी गवत ठासून भरलेली, दगडासारखी कडक, आणि बरीच जड. ती मला रोज उचलणं जमणार नाही. नमुना दर वेळी थोडा सरकवून लावायचा, उशी पालथी करायची, असं करत थर्माकोल अजून टाचण्या घट्ट धरतोय. लांब पट्टीसाठी गोल उशी गैरसोयीची आहे हे खरं. नमुन्याच्या खालच्या टोकाशी पोचलं की सगळ्या टाचण्या काढून काम वर उचलून न्यावं लागतं, आणि त्यात अर्धी संध्याकाळ जाते. त्यासाठी मधे फिरता दंडगोल असलेली रोलरची उशी हवी. पण शिकायला ही पुरते, आणि किटातली सर्वांत स्वस्त दिसणारी हीच वस्तू सर्वांत जास्त टिकली.

त्याच बायकांनी मला तार पिळायला शिकवली. एकीने आपल्या आजीच्या बॉबिनी दाखवल्या, कड्यांत कोटाचं बटण, शिंपला, एकीत नाणं. घरातलं जे जपावंसं वाटलं ते त्या बायका वजनाला अडकवायच्या. काडीवर ठिपक्यांनी नावं, तारखा कोरायच्या. बेडफर्डच्या फाशीच्या बॉबिनीसुद्धा आहेत. १८६८ साली इथे विल्यम वर्स्लीला जाहीर फाशी झाली, गावातली ती शेवटची जाहीर फाशी, आणि त्याचं नाव कोरलेल्या बॉबिनी आजही संग्राहकांकडे आहेत. इथल्या द हिगिन्स संग्रहालयात एकोणिसाव्या शतकातला इथला लेस व्यापारी टॉमस लेस्टर याच्या संग्रहातली लेस आहे, फुलं, पानं, प्राणी गुंफलेली. ती बघून आले तेव्हा माझ्या जाळीतलं प्रत्येक ढिलं भोक डोळ्यांत खुपायला लागलं.

मग आईला फोन केला. तिने रविवार पेठेतून काचेचे जड मणी आणून पाठवले, शिवाय जुन्या तुटलेल्या पोतीतले काही. मंगळसूत्र गाठवताना पटवेकरी जोखून मणी घेतो तसे तिने जोडीला जोड निवडले होते. पितळेची जरा जाड तार इथेच घेतली. खर्च टपालासकट दुकानदाराच्या सुट्या मण्यांपेक्षा कमी. ज्या जोड्यांची कडी बदलली त्यांची जाळी आता एकसारखी येते, हा फरक नवख्या डोळ्यालाही दिसतो.

हे सगळं नको असेल तर युरोपातल्या इतर पद्धतींच्या बॉबिनी बघा. स्लोव्हेनियात इद्रियाला १८७६ पासून लेसची शाळा आहे. तिथे कड्यांच्या बॉबिनी नसतात, वजन लाकडातच असतं, आणि काम लांबट लोडासारख्या उशीवर चालतं. नाजूक बक्स पॉइंट (बकिंगहॅमशरची बारीक जाळीची लेस) करायची असेल तर मात्र मिडलंड्सच्याच बॉबिनींवर हात बसवा.

किट घ्यायचंच असेल तर उशीसाठी घ्या, बॉबिनी आधी वजन करून बघा. काचेचे मणी असतील आणि तार दोनदा पिळलेली असेल तरच पूर्ण पैसे द्या. स्वतः कडी बांधणार असाल तर तारेचं टोक मण्याच्या भोकात आत वळवून दाबा, नाहीतर शेजारचा दोरा त्यात अडकतो आणि पीळ तुटतो. एका जोडीच्या दोन्ही बॉबिनींना सारखेच मणी घाला. वजनात फरक असेल तर दोऱ्याचा ताण एका बाजूला ओढला जातो, आणि ते लेस उशीवरून काढेपर्यंत दिसत नाही.