प्रोसेसर तापतोय: परत लिक्विड कूलर का आता एअर कूलर?

लिक्विड कूलर असून प्रोसेसर तापतोय, आता दुसरा लिक्विड घेऊ का एअर, हे या उन्हाळ्यात मला तिघांनी विचारलं म्हणून एकदाच लिहून टाकतो. माझ्याकडं एएमडीचा रायझन ५८००एक्स प्रोसेसर आहे, आधी २४० मिमीचा एआयओ होता (पंप, नळ्या आणि पाणी गार करणारा रेडिएटर असा तयार जोडलेला लिक्विड कूलर), आता दोन टॉवरचा एअर कूलर (पत्र्याच्या पात्यांचे दोन उभे गठ्ठे आणि फॅन).

पहिलं म्हणजे कूलरच गेलाय का ते बघा. रायझन ७००० मधले बरेचसे फुल लोडला ९५ अंशाला जाऊन बसतात, ते बनवलेतच तसे. माझ्या ५८००एक्सची मर्यादा ९०. लोडवर टेम्परेचर हळूहळू दहा-पंधरा मिनिटात चढत असेल तर बहुतेक रेडिएटरमध्ये धूळ (आम्ही कोल्हापुरात उद्यमनगरच्या, म्हणजे कारखान्यांच्या भागाच्या कडेला राहतो, आमच्याकडं धूळ पण लोखंडाची). मिनिटभरात ९० गाठत असेल तर पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मधे लावतात ती) नाहीतर पंप.

माझा पंपच गेला होता, पण ते कळायला आठवडा गेला. कारण बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडतात त्या सेटिंगमध्ये) पंपाचा आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, एकदम व्यवस्थित दिसत होता, त्यामुळं मी पेस्ट बदलली, फॅन उलटे करून बघितले, साइड पॅनल काढून टेबल फॅन लावला, घरच्यांनी नाद सोडला माझा. शेवटी सहज नळ्यांना हात लावला तर एक चांगलीच गरम आणि दुसरी गार, रेडिएटर पण गार. मोटर फिरत होती, पाणी फिरत नव्हतं.

आणि हे उघडून बघता येत नाही, सगळं सीलबंद. ज्या गावात बोअरच्या पंपापासून लेथपर्यंत सगळं दुरुस्त होतं तिथं हा अंगठ्याएवढा पंप कुणी हातात घेईना. वॉरंटीत पाठवा म्हणाले, कुरिअर माझ्या खर्चानं, आणि तीन आठवडे पीसी बंद. माझं मन तिथंच उडालं.

आता लिक्विडची बाजू पण सांगतो. दिसायला भारी, रॅमला अडत नाही, आणि इंटेलच्या १४९००के सारखा २५३ वॅट ओढणारा चिप असेल आणि दिवसभर रेंडरिंग (व्हिडिओ, थ्रीडीचं काम) असेल तर ३६० मिमीचा लिक्विडच घ्या, तिथं मी वाद घालणार नाही. लावताना फक्त रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच ठेवा, नाहीतर हवा पंपात अडकते आणि रात्री गुडगुड ऐकत बसायचं.

पण ५८००एक्स किंवा त्या आसपासचं काही असेल तर मला तरी एअर बरा वाटला. मी थर्मलराइटचा पिअरलेस असॅसिन १२० एसई लावला, गेमिंगला सत्तरीच्या आसपास राहतो, एआयओ धडधाकट असताना पण साधारण तेवढंच होतं. उंची १५५ मिमी आहे, कॅबिनेट मोजून घ्या, आणि रॅम उंच असेल तर पुढचा फॅन थोडा वर सरकवावा लागतो. बिघडला तर काय, फॅनच बिघडणार, १२० चा फॅन राजारामपुरीत संध्याकाळी जाऊन आणता येतो.

एआयओचे दोन्ही फॅन अजून ठणठणीत आहेत, त्यातला एक राउटरच्या मागं लावलाय.