कंपनीच्या खर्चाने ट्रक शिकलो: वर्षभरानंतरचा अनुभव

अमेरिकेत ट्रक चालवायचा परवाना, म्हणजे क्लास ए सीडीएल, कंपनीच्या पैशाने काढला त्याला आता वर्ष होत आलंय. करार संपायला थोडेच आठवडे उरलेत, त्यामुळे मोकळेपणाने लिहायला हरकत नाही. ग्रीन कार्डवर आलेल्या, गोदामात किंवा गॅस स्टेशनवर राबून कंटाळलेल्या आपल्या मंडळींपैकी बऱ्याच जणांनी विचारलं, हे करावं का. माझं उत्तर असं, की गाठीला पैसे नसतील आणि तीन-तीन आठवडे घराबाहेर राहायची घरच्यांसकट तयारी असेल तर जरूर करावं. फक्त ‘फी माफ आहे ना’ एवढंच विचारून सही करू नये. परवाना हातात आल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत काय हातात पडतं, ते विचारावं. घोडं तिथेच पेंड खातं.

खासगी शाळेची फी साधारण चार ते आठ हजार डॉलर असते. कम्युनिटी कॉलेजात काही ठिकाणी कमी पडते, आणि उत्पन्न कमी असेल किंवा नोकरी गेली असेल तर सरकारी रोजगार कार्यालयाकडून ती भरून मिळण्याचीही सोय आहे. ही चौकशी आधी करा, फार कुणी करत नाही. ते जमलं नाही तर स्विफ्ट, प्राइम यांसारख्या मोठ्या मालवाहतूक कंपन्या स्वतः शिकवतात. मी अशाच एका कंपनीत शिकलो. नाव लिहीत नाही, कारण अजून त्यांच्याच गाडीत झोपतो.

माझ्या करारात सहा हजार डॉलरच्या आसपास ‘शिक्षणाचा खर्च’ लिहिलाय. बारा महिने टिकलो तर माफ, मधे सोडलं तर भरायचा. यातली मेख अशी, की काही कंपन्यांत हे देणं दर महिन्याला थोडं थोडं उतरत जातं, आणि काही ठिकाणी शेवटच्या दिवसापर्यंत अख्खंच्या अख्खं डोक्यावर राहतं. माझं दुसऱ्या प्रकारचं. अकराव्या महिन्यात कुणी कंटाळून गेला तरी पूर्ण रक्कम. शिवाय कंपनीने काढून टाकलं तर काय, आजारी पडलो तर काय, हे दोन प्रश्न सही करण्याआधी विचारून उत्तर कागदावर दाखवायला सांगा. भरती करणारा माणूस फोनवर जे गोड बोलतो, त्याला कराराच्या कागदावर काडीची किंमत नसते.

परवान्यासाठी लागणाऱ्या वैद्यकीय तपासणीत आपले लोक रक्तदाबावर अडकतात. १४०/९० च्या आत असेल तर दोन वर्षांचं वैद्यकीय कार्ड मिळतं, त्याच्या थोडं वर गेलं की एकाच वर्षाचं. ड्रगची चाचणी तर होतेच. तुमच्या राज्यात गांजा कायदेशीर असला तरी ट्रकवाल्याला चालत नाही, आणि नापास झालात तर २०२० पासून ते केंद्रीय नोंदीत जातं, दुसरी कंपनी गाठूनही सुटका नाही.

शाळेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. २०२२ च्या फेब्रुवारीपासून नवशिक्याला नोंदणीकृत ठिकाणीच प्रशिक्षण घ्यावं लागतं, पण गाडीवर किती तास बसवायचं याची किमान मर्यादा केंद्राच्या नियमात नाही. शिकवणाऱ्याला ‘हा तयार झाला’ असं वाटलं की झालं. शिकाऊ परवाना निघाल्यावर निदान १४ दिवस थांबल्याशिवाय चालवण्याची परीक्षा देता येत नाही, तेवढ्या काळात सगळं उरकायची घाई असते. एका गाडीमागे चार विद्यार्थी. एक चालवतो, तीन जण उन्हात उभे राहून बघतात. पाठांतर मात्र पक्कं करून घेतात. एअर ब्रेकची तपासणी मी आंघोळ करतानासुद्धा म्हणायचो: इंजिन बंद, ब्रेक दाबून धरला, एका मिनिटात ४ पीएसआयपेक्षा (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) जास्त हवा गळता कामा नये, ६० च्या आसपास इशाऱ्याचा दिवा लागला पाहिजे, २० ते ४५ च्या मधे पार्किंग ब्रेकचं बटण आपोआप बाहेर आलं पाहिजे. यातलं एक वाक्य चुकलं तर परीक्षक तिथेच थांबवतो. एक लक्षात ठेवा, ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर परवान्यावर गियरच्या गाडीची मनाई छापून येते. आता बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या गाड्या ऑटोमॅटिकच असल्याने मला अजून अडलं नाही.

खरं शिक्षण पुढे, ट्रेनरच्या गाडीत. शाळा संपल्यावर काही आठवडे एका अनुभवी ड्रायव्हरबरोबर राहायचं असतं. राहायचं म्हणजे अक्षरशः राहायचं. बाथरूमएवढ्या जागेत दोन माणसं आणि झोपायला वर-खाली दोन बंक. बऱ्याच कंपन्यांत विद्यार्थ्याने चालवलेले मैलही ट्रेनरच्याच पगारात धरतात, म्हणून तुम्ही चालवताना तो शेजारी बसण्यापेक्षा मागे झोपलेला जास्त सापडतो. एका माणसाला १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास चालवता येतं, मग १० तास विश्रांती. दोघं असले की गाडी जवळपास दिवसरात्र पळते. माझा पहिला ट्रेनर असाच. पहिल्याच रात्री नेब्रास्कात मला आय-८० महामार्गावर सोडून पडदा ओढून घोरायला लागला. मी कंपनीला फोन करून ट्रेनर बदलून मागितला. तो हक्क असतो, मागायला लाजू नका. चार दिवस मोटेलमध्ये बिनपगारी काढावे लागले, पण वसूल झाले.

दुसरा ट्रेनर अलाबामाचा, साठीचा. बोलणं कमी, तंबाखू जास्त. ट्रेलर मागे घ्यायला मी त्याच्याकडे शिकलो. रात्री दोनला एका किराणा गोदामाच्या अंगणात ५३ फुटी ट्रेलर दोन उभ्या गाड्यांच्या मधे घालायचा होता. मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो, हे डोक्याला कळतं, हाताला कळत नाही. त्यात उजव्या आरशात ट्रेलर वळला की त्याची मागची कडाच दिसेनाशी होते. तो एकच शब्द बोलायचा, ‘उतर.’ पार्किंग ब्रेक ओढायचा, खाली उतरायचं, चालत मागे जाऊन बघायचं, परत चढायचं, तीन फूट घ्यायचं. पुन्हा ‘उतर.’ मागे दुसरा ट्रकवाला हॉर्न मारत होता. म्हातारा खिडकीतून त्याला हात दाखवून म्हणाला, ‘त्याला घाई असेल तर त्याने येऊन लावावी.’ अर्धा-पाऊण तास गेला, पण कुणाच्या गाडीला ओरखडा नाही. नवशिक्याची नोकरी जाते ती हायवेवर नाही, अशाच अंगणात, ताशी दोन मैलांच्या वेगात कुणाचा तरी आरसा तोडून.

वजनाचं गणितही त्यानेच शिकवलं. गाडी-मालासकट ८०,००० पौंड, त्यात मधल्या (ट्रकच्या) आणि मागच्या (ट्रेलरच्या) दुहेरी ॲक्सलवर, म्हणजे चाकांच्या आसांवर, प्रत्येकी ३४,००० च्या आत. काट्यावर मधल्या ॲक्सलचा आकडा जास्त आला की ट्रेलरची चाकं पुढे सरकवायची, वजन मागे जातं. चाकं जागेवर धरणाऱ्या पिना गंजलेल्या असल्या की थंडीत हे काम घाम काढतं.

आता पैसे. ट्रेनरबरोबर असताना मला आठवड्याला सातशे डॉलरच्या आसपास मिळत होते. गोदामात यापेक्षा जास्त कमावत होतो. एकटा गाडीवर बसल्यावर मैलामागे सेंट. पण ते मैल कंपनीच्या नकाशावरचे, गाडीच्या मीटरवरचे नाहीत, आणि नकाशावरचे नेहमी कमी भरतात. माल चढवायला पाच तास लागले तर पहिले दोन तास सहसा फुकट. ओव्हरटाइम नाही, कारण १९३८ च्या मजुरी कायद्यात राज्याबाहेर माल नेणाऱ्या ड्रायव्हरला त्यातून वगळलंय आणि ते आजतागायत तसंच आहे. हिवाळ्यात वायोमिंगमध्ये लॅरमी ते रॉलिन्स रस्ता वाऱ्यामुळे बंद झाला की ट्रकस्टॉपवर बसून राहायचं, चाक फिरलं नाही तर खिसाही भरत नाही. ‘वर्षाला इतके हजार’ अशी जाहिरात बघाल तेव्हा हे सगळं त्यातून वजा करा. माझ्या हिशेबाने पहिल्या वर्षी मला बाजारभावापेक्षा जेवढं कमी मिळालं, त्यात ती ‘फुकट’ फी आरामात वसूल झालेली आहे. तरीही तक्रार नाही, कारण एकरकमी सहा हजार माझ्याकडे नव्हतेच.

शाळेतच एक माणूस येऊन चकचकीत गाडी दाखवतो, ‘नोकर कशाला, मालक व्हा, हप्ते पगारातून कापू.’ या लीज-परचेसच्या नादी पहिल्या वर्षी अजिबात लागू नका. केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने २०२५ च्या जानेवारीत असे व्यवहार बंदच करावेत अशी शिफारस केली आहे, यावरून काय ते समजा. माझ्या बॅचमधला एक जण लागला. काही आठवडे तर हप्ता, डिझेल जाऊन त्याच्या हातात शून्य येतं.

इंग्रजीचं म्हणाल तर २०२५ च्या जूनपासून रस्त्यावरच्या तपासनिसाशी इंग्रजीत बोलता आलं नाही किंवा पाट्या वाचता आल्या नाहीत, तर गाडी जागच्या जागी थांबवतात. आपल्याकडच्या शिकलेल्या माणसाला अडचण नाही, पण टेक्सासचा उच्चार कानावर बसायला वेळ लागतो. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व नसेल तर परवान्याचे नियमही २०२५ पासून फार कडक झालेत, सही करण्याआधी राज्याच्या परवाना कार्यालयात स्वतः जाऊन विचारा.

जेवणाची चिंता करू नका. आय-४० आणि आय-८० वर पंजाबी ढाबे आहेत, डाळ-रोटी मिळते. मी गाडीत बारा व्होल्टवर चालणारा छोटा कुकर ठेवलाय, मूगडाळीची खिचडी होते, वेळ लागतो एवढंच. घरचं मात्र अवघड आहे. आठवडाभर बाहेर राहिलं की एक दिवस सुट्टी, असा साधारण हिशेब असतो. मुलीच्या शाळेचं गॅदरिंग मी ॲरिझोनात गाडी उभी करून फोनवर बघितलं. बायको म्हणाली, ‘अहो, निदान आवाज तरी म्यूट करा, तुमचं इंजिन ऐकू येतंय सगळ्यांना.’

करार संपल्यावर लगेच उडी मारणार नाही. चांगल्या पगाराच्या, रोज घरी येता येईल अशा नोकऱ्यांना एक-दोन वर्षांचा स्वच्छ रेकॉर्ड लागतो, आणि ऐन हिवाळ्यात नव्या कंपनीची नवी गाडी घेऊन डोंगरात जायची मला हौस नाही. मार्चपर्यंत इथेच. तोवर टँकरची आणि धोकादायक मालाची लेखी परीक्षा देऊन ठेवतोय, धोकादायक मालाला बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमीची तपासणी लागते, त्याला आठवडे जातात. तो अर्ज आजच भरलाय.