ओआरएसचं पाकीट: पावडरीला पाच तारे, छपाईला तीन

मी परिचारिका आहे. कॉलऱ्याची साथ आली की माझी जागा बहुतेक वेळा ओआरटी कॉर्नरला, म्हणजे तोंडावाटे द्रावण पाजायच्या कोपऱ्यात असते. तिथे पेशंटला बसवायचं, शेजारी नातेवाइकाला बसवायचं आणि घोट घोट करत पाजून घ्यायचं. त्यामुळे ओआरएसची, म्हणजे पाण्यात कालवून पाजायच्या क्षार-ग्लुकोजच्या पावडरीची पाकिटं माझ्या हाताच्या सवयीची आहेत. कुठलं सरळ फाटतं, कुठल्यात दमट हवेत खडे होतात, कुठल्यावरचं अक्षर रात्री टॉर्च धरूनही लागत नाही, हे मला ठाऊक आहे. लोक मिक्सरवर पानभर अभिप्राय लिहितात. जीव वाचवणाऱ्या या पाकिटावर कुणीतरी तितक्याच बारकाईने लिहायला हवं.

आधी आत काय असतं ते सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटरसाठी २०.५ ग्रॅम पावडर लागते: ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९. मी पाकीट हातात घेतलं की कंपनी, रंग, चव यांच्याकडे न बघता हे चार आकडे शोधते. ते जुळले की पाकीट चांगलं. या चारांत फालतू काहीच नाही. जुलाबातून मीठ आणि पोटॅशियम जातं, ते भरून यायला हवं. रक्तातली आम्लता वाढते, तिच्यासाठी सायट्रेट. पूर्वी त्या जागी खायचा सोडा असायचा, पण उष्ण, दमट हवेत ती पावडर टिकत नसे.

ग्लुकोज मात्र ताकदीसाठी घातलेलं नाही, आणि हे नातेवाइकांना समजावून सांगितलं की त्यांचा पाजण्यातला उत्साह बदलतो. कॉलऱ्याचे जंतू लहान आतड्यात विष सोडतात. त्या विषामुळे आतड्याच्या पेशी क्षार आणि पाणी बाहेर ओतत राहतात. तीव्र आजारात ताशी लिटरभर पाणी जाऊ शकतं, आणि उपचार मिळाले नाहीत तर धडधाकट माणूस काही तासांत दगावू शकतो. पण आतड्याचं अस्तर शाबूत असतं. ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेणारी वाट त्या विषाने बंद होत नाही. ही जोडी आत शिरली की पाणी तिच्या मागोमाग येतं. नुसतं पाणी कितीही पाजलं तरी हे साधत नाही.

ग्लुकोज-मिठाचं द्रावण पाजून मात्र ते साधतं, हे ढाक्यात १९६८ साली डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश या अमेरिकन डॉक्टरांनी कॉलऱ्याच्या रुग्णांवर दाखवून दिलं. खरी कसोटी लागली ती १९७१ मध्ये, बांगलादेश युद्धाच्या काळात, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत. सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मोजून पिशव्यांत भरले, द्रावण ड्रममध्ये कालवलं आणि पाजायचं काम नातेवाइकांच्या हाती दिलं. तीस टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. त्या मिश्रणात पोटॅशियमसुद्धा नव्हतं. आपल्या हातातलं पाकीट त्याहून सुधारलेलं आहे. २००२ नंतरच्या सूत्रात मीठ आणि ग्लुकोज दोन्ही कमी करून द्रावणाची तीव्रता (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) लिटरला ३११ वरून २४५ मिलिऑस्मोलवर आणली, त्यामुळे मुलांच्या उलट्या आणि जुलाबाचं प्रमाण घटलं. पावडरीला पाच तारे आहेत ते या सगळ्यासाठी.

आता पाकिटावरच्या छपाईबद्दल, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे.

बाजारात एक लिटरचं पाकीट आहे आणि २०० मिलीलिटरचंही. दोन्ही एकाच रंगाची, एकाच चित्राची. किती पाण्यात मिसळायचं हा आकडा मागच्या बाजूला, रचनेच्या तक्त्याखाली, मुंगीएवढ्या अक्षरात. एक लिटरचं पाकीट एका ग्लासात ओतून लहान मुलाला पाजणारे लोक मी पाहिलेले आहेत. ते निष्काळजी नसतात, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. असं दाट द्रावण बाळाच्या रक्तातलं सोडियम वाढवतं आणि ते धोक्याचं असतं. उलट बाजूने, पाकीट पुरवून वापरायचं म्हणून दोन लिटरमध्ये कालवलं तर क्षार कमी पडतात. पाण्याचा आकडा पुढच्या बाजूला, पाकिटाच्या निम्म्या उंचीचा हवा, शेजारी भांड्याचं चित्र हवं. कालवल्यावर चव बघायची माझी पद्धत सोपी आहे: अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये.

दुसरी उणीव त्याहून मोठी. हे पाकीट काय करत नाही, ते कुठेच छापलेलं नसतं. कॉर्नरवर ठरलेला प्रश्न येतो, "सिस्टर, दोन ग्लास पाजले तरी जुलाब थांबेनात, मग कशाला पाजायचं?" मी म्हणते, "मावशी, हे जुलाब थांबवायला नाहीच. गेलेलं पाणी परत भरायला आहे. जुलाब आपल्या वेळेने थांबतील, तोवर पेशंट तगला पाहिजे." एवढं कळलं की मावशी पुन्हा चमचा उचलतात. हे वाक्य पाकिटावर असतं तर घरी अर्ध्यावर सोडलेले किती ग्लास पूर्ण झाले असते.

किती पाजायचं, तेही छापलेलं अपुरं वाटतं. शोष दिसत असेल, म्हणजे डोळे खोल गेलेत, तहान आवरत नाही, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली की सावकाश बसते, तर पहिल्या चार तासांत वजनाच्या दर किलोला ७५ मिलीलिटर द्यायचं. वीस किलोच्या मुलाला दीड लिटर. लोकांना वाटतं एखादा ग्लास पुरे. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि मग चमच्याने, आणखी हळू. तान्ह्या बाळाला आईचं दूध चालूच ठेवायचं. कालवलेलं द्रावण चोवीस तासांनंतर ओतून द्यायचं, आणि कालवल्यावर ते उकळायचं नाही.

पाण्याविषयी मला थोडं आग्रहाने सांगायचंय. कॉलऱ्याचा जंतू विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून तोंडात जातो. लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाकडे इंग्रज डॉक्टर जॉन स्नो यांनी कॉलऱ्याच्या साथीत १८५४ मध्ये बोट दाखवलं, तेव्हापासून जग हे ऐकतंय. तरीही पावडर घातली म्हणजे पाणी शुद्ध झालं, असं मानणारे भेटतात. पावडर पाणी शुद्ध करत नाही. आधी उकळून गार केलेलं किंवा क्लोरीनची गोळी टाकून ठरलेला वेळ ठेवलेलं पाणी, मग पाकीट. मिसळणाऱ्याचे हात साबणाने धुतलेले. या पाकिटासोबत क्लोरीनची गोळी एकाच पुडक्यात मिळाली, तर मी छपाईचा एक तारा लगेच वाढवीन.

ओआरएस असल्याचा भास होईल अशा बाटलीत विकली जाणारी गोड पेयं या अभिप्रायात बसत नाहीत. त्यांत साखर खूप आणि मीठ अगदी थोडं. जास्तीची साखर आतड्यात उलट पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. पाकीट नसेलच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ त्या बाटलीपेक्षा कितीतरी बरं, पाकीट मिळेपर्यंत.

मर्यादा स्पष्ट आहेत. पेशंट गुंगीत असेल, नाडी लागत नसेल, पिता येत नसेल तर पाकीट हातात घेऊन वेळ घालवायचा नाही. त्याला शिरेतून रिंगर लॅक्टेट (क्षारांचं सलाईन) हवं. एक वर्षावरच्या पेशंटला दर किलोला १०० मिलीलिटर, त्यातलं ३० पहिल्या अर्ध्या तासात आणि ७० पुढच्या अडीच तासांत. पिता येऊ लागलं की शेजारी ओआरएस सुरू. अँटिबायोटिक डॉक्टर ठरवतील, ते पाण्याची जागा घेत नाही. मुलांना झिंक द्यायचं, तेही पाकिटाच्या जोडीने. तोंडावाटे देण्याची लस साथ आवरायला उपयोगी पडते, पण लस घेतली म्हणून घरातलं पाकीट काढून टाकू नये.

घरात ठेवायला कुठलं घ्यावं, असं विचारलं तर माझं उत्तर एक लिटरचं, आणि त्यासोबत लिटरची खूण केलेली एक बाटली वेगळी काढून ठेवावी. घरात फक्त लहान मूलच असेल तर २०० मिलीलिटरची पाकिटं सोयीची. दोन्ही मापं एकाच डब्यात मात्र ठेवू नयेत. फॉइलचं पाकीट घ्या, कागदाचं नको. पावडर तपकिरी पडली असेल किंवा दगडासारखी झाली असेल तर टाकून द्या. वरची मुदत कपाटात ठेवतानाच बघा, कारण रात्री दोन वाजता, घरात जुलाब सुरू झालेले असताना, ती बघायला कुणाला सवड नसते.