८५० रुपयांचा वायफाय डोंगल लिनक्सवर: ७ महिन्यांनंतरचा अनुभव (खाली अपडेट आहे)

स्पेक्स सगळ्यांना माहीत आहेत, ५ गीगाहर्ट्झ मिळतं, स्पीड घरच्या फायबरला पुरतो, त्याबद्दल तक्रार नाही. मला लिहायचंय ते खोक्यावरच्या ‘लिनक्स सपोर्टेड’ या दोन शब्दांबद्दल, कारण त्यांच्याच भरवशावर मी ८५० मोजले, नाहीतर ४०० वाला मिळत होता.

गेल्या शुक्रवारी रात्री कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१५ वरून ६.८ वर गेला, रीबूट केलं आणि वायफाय गायब. मुलीला सकाळी प्रोजेक्ट अपलोड करायचा होता, मोबाईलला केबल लावून कसंतरी भागवलं. कंपनीने दिलेली ड्रायव्हरची (डोंगल चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) झिप परत मेक केली, म्हणजे त्यातला कोड नव्या कर्नलसाठी कंपाईल करायला घेतला, तर एररची रांग लागली, आणि पहिलीच एरर ॲड-की या, एन्क्रिप्शनची किल्ली बसवणाऱ्या फंक्शनची. शोधलं तेव्हा कळलं की कर्नल ६.१ पासून या फंक्शनमध्ये लिंक आयडी नावाचा एक आकडा जास्तीचा येतो. वायफाय ७ मध्ये एकच कनेक्शन एकाच वेळी दोन-तीन बँडवरून चालू शकतं, म्हणजे एन्क्रिप्शनची किल्ली कुठल्या लिंकसाठी आहे हे ड्रायव्हरला कळायला हवं. माझा डोंगल वायफाय ५ चा, त्याला याचा काही उपयोग नाही, पण फंक्शनचा साचा बदलला की जुना कोड कंपाईल होत नाही म्हणजे नाही.

कर्नलवाल्यांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण त्यांचा नियम उघड आहे, आतले इंटरफेस कधीही बदलतील, आणि जो बदलेल तोच कर्नलमधले सगळे ड्रायव्हर त्याप्रमाणे दुरुस्त करून देईल. बाहेर झिपमध्ये पडलेल्या ड्रायव्हरची काळजी ज्याची त्याने घ्यायची. आणि कंपनीने काय काळजी घेतली? मेल केला तर तीन दिवसांनी उत्तर, ‘जुना कर्नल वापरा’. म्हणजे डोंगल चालावा म्हणून सिक्युरिटी अपडेट सोडून द्यायचे? खोक्यावर छापताना कुठल्या कर्नलपर्यंत ते का नाही छापलं?

मग शनिवार-रविवार स्वतःच बसलो. ॲड-कीमध्ये लिंक आयडी टाकला, तर पुढे चॅनल बदलल्याची सूचना देणारं फंक्शन अडलं, तिथेही तेच, ते केलं तर आणखी चार.

अपडेट: वर ‘परत घेऊ नका’ असं लिहिलं होतं ते काढलंय. झिपमधल्या फाईली चाळताना एका नावात एमटी७६१२यू दिसलं. ही मीडियाटेकची चिप आहे आणि तिचा ड्रायव्हर, एमटी७६ कुटुंबातला, ४.१९ पासून म्हणजे २०१८ पासून कर्नलमध्येच आहे! फक्त माझ्या डोंगलचा यूएसबी आयडी (ओळख क्रमांक) त्याच्या यादीत नाही, म्हणून तो याला ओळखत नव्हता. एमटी७६एक्स२यू हे त्या ड्रायव्हरचं मॉड्यूल लोड केलं, एलएसयूएसबी या कमांडमध्ये (ती जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी देते) दिसणारे चार-चार अक्षरांचे दोन्ही कोड सिसएफएसमधल्या (कर्नलच्या सेटिंग्जच्या फोल्डरमधल्या) त्याच्या न्यू-आयडी फाईलीत लिहिले, एंटर मारलं, आणि डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, फर्मवेअर (चिपचा आतला प्रोग्रॅम) लोड झाल्याची ओळ आली, दहा सेकंदांत घरचं नेटवर्क समोर. झिप नाही, मेक नाही. सात महिने हे माझ्याच लॅपटॉपमध्ये पडून होतं आणि कंपनीने हा आयडी यादीत घालणारी एक ओळ आधीच कर्नलला पाठवली असती तर माझा शनिवार-रविवार वाचला असता, सगळ्या गिऱ्हाइकांचा वाचला असता.

न्यू-आयडीत लिहिलेलं रीबूटनंतर पुसलं जातं, म्हणून सध्या डोंगल दिसताच ते आपोआप लिहिणारा एक यूडेव्ह रूल टाकलाय. ती एक ओळ मीच यादीत घालून, खाली स्वतःच्या नावाने साइन्ड-ऑफ-बाय (सहीची ओळ) लिहून कर्नलवाल्यांना पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, पाठवलाय (टॅबच्या जागी स्पेस पडली होती, पॅच तपासणाऱ्या चेकपॅच स्क्रिप्टने पकडली). हाच डोंगल असेल तर झिप उतरवू नका, आधी एलएसयूएसबी बघा आणि न्यू-आयडी करून पाहा. पॅचचं उत्तर आलं की इथेच लिहीन.