ऑर्से आणि ब्रॉड स्ट्रीट: दोन टर्मिनसांची अखेर

1986 या एकाच वर्षी युरोपातील दोन जुन्या रेल्वे टर्मिनसांचे भवितव्य परस्परविरुद्ध दिशांनी ठरले. लंडनचे ब्रॉड स्ट्रीट त्या जूनमध्ये कायमचे बंद झाले, तर पॅरिसच्या ऑर्से स्थानकात डिसेंबरमध्ये संग्रहालय उघडले.

1865 साली सुरू झालेले ब्रॉड स्ट्रीट उत्तर लंडनच्या उपनगरांतून शहरात नोकरीला येणाऱ्यांचे स्थानक होते. ट्राम, बस आणि भुयारी रेल्वे यांनी त्याचे प्रवासी हळूहळू ओढून नेले. ऑर्सेचे दुखणे वेगळे होते. 1900 च्या जागतिक प्रदर्शनासाठी वास्तुविशारद व्हिक्टर लालू यांनी उभारलेल्या या स्थानकात सुरुवातीपासून विजेवरील गाड्या येत असत, पण गाड्यांची लांबी वाढत गेली आणि फलाट अपुरे पडू लागले, त्यामुळे 1939 पासून तेथे केवळ उपनगरी वाहतूक उरली. पुढे ही वास्तू पाडून हॉटेल बांधण्याचा बेत होता. मात्र पॅरिसमधल्याच ले आल या जुन्या बाजाराचे मंडप नुकतेच पाडले गेल्याने जनमत जागे झाले होते आणि 1978 मध्ये तिला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला.

ब्रॉड स्ट्रीटच्या जागी ब्रॉडगेट हे कार्यालयांचे संकुल आले. जुन्या स्थानकाकडे येणाऱ्या उन्नत रेल्वेमार्गाचा काही भाग 2010 पासून पुन्हा रेल्वेसाठी वापरात आहे, ही समाधानाची बाब खरी. तरीही माझ्या मते ऑर्सेचा मार्गच श्रेयस्कर ठरतो, कारण सुमारे 138 मीटर लांबीच्या त्या दालनात उभे राहिल्यावर जुने स्थानक आजही डोळ्यांना दिसते.