सात फासे, एक सूप आणि ४०३ पानांचे नियम: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी वापर कुठे झाला ते, कारण एसी कॅफेत बसून लिहिलेले रिव्ह्यू इकडे फारसे कामाला येत नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडकडचं धानपट्ट्यातलं गाव, चार खेळाडू, एक डीएम (डंजन मास्टर, गोष्ट आणि शत्रू चालवणारा), शनिवारी रात्री तीन तास. दिवाळीनंतर सुरू, रोवणी लागली तसं बंद. खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (प्रत्येकाने एक पात्र घेऊन फाशांवर गोष्ट खेळायची), पाचवी आवृत्ती. विकतचं पुस्तक एकही नाही. पैसे गेले ते ॲक्रिलिक फाशांच्या दोन संचांवर, दोन जादा डी२० (वीस बाजूंचा फासा) वर, ए३ लॅमिनेशनवर आणि मार्करवर.

संचात सात फासे असतात (‘डी’पुढचा आकडा म्हणजे बाजू किती): डी४, डी६, डी८, डी१२, डी२० आणि दोन डी१०, त्यातल्या एकावर ० ते ९ आणि दुसऱ्यावर ०० ते ९०. शेवटची जोडी मिळून टक्क्यांचा फासा होतो. ०० आणि ० एकत्र आले की १००. स्वस्त संचात कधीकधी दोन्ही डी१० एकसारखेच निघतात. म्हणून पाकीट हाती येताच मोजा, परतीची मुदत संपल्यावर नाही. एका संचावर पाच जणांचं भागत नाही. ॲडव्हान्टेज (मोठा आकडा घ्यायची सवलत) मिळालं की दोन डी२० एकदम टाकायचे असतात आणि एकच फासा दोनदा टाकताना पहिला आकडा किती होता यावरून वाद होतात. डी६ मात्र लुडोचेच वापरा, त्यासाठी वेगळे पैसे घालू नका.

रंग निवडताना फोटोवर भुलू नका. आतून चमचमणारे, सोनेरी आकड्यांचे पारदर्शक फासे दिवसा छान दिसतात. लाइट गेली आणि चार्जिंगच्या बल्बवर खेळ आला की १६ आणि १९ यात फरक कळत नाही, मग प्रत्येक जण फासा उचलून डोळ्यांजवळ नेतो. पांढरा अपारदर्शक फासा आणि काळे आकडे, एवढंच मागा. ६ आणि ९ खाली रेघ किंवा ठिपका आहे ना ते बघा. आठ महिन्यांत डी२० च्या आकड्यांमधला रंग तीन-चार ठिकाणी उडाला. काळा ॲक्रिलिक रंग खाचेत भरायचा, वरचा लगेच ओल्या फडक्याने पुसायचा, झालं.

फासा एका बाजूला झुकतो का, हे पाण्यात तरंगवून बघतात. मिठाचं पाणी इथे दगा देतं. ॲक्रिलिकची घनता १.१८ च्या आसपास आणि पूर्ण संपृक्त मिठाचं पाणी जेमतेम १.२०, त्यामुळे मीठ थोडं कमी पडलं तरी फासा तळाशी. त्यापेक्षा कृषी केंद्रातून मॅग्नेशियम सल्फेट आणा, कपाशीच्या लाल्यावर देतात तेच. विरघळायचं थांबेपर्यंत पाण्यात घालत राहा, ॲक्रिलिकचा फासा आरामात तरंगतो. टिचकी मारून फिरवा. दहापैकी सात-आठ वेळा तोच आकडा वर आला, तर आत हवेचा बुडबुडा आहे. नंतर फासे साध्या पाण्याने नीट धुवा, नाहीतर पांढरी पापुद्री धरते.

पण पाण्यात झुकणारा फासा जमिनीवरही तितकाच खोटं बोलेल असं नाही. खरी परीक्षा डी२० चा फासा २०० वेळा टाकण्याची. प्रत्येक आकडा सरासरी १० वेळा यायला हवा. दर आकड्याचा १० पासूनचा फरक घ्या, त्याचा वर्ग करा आणि वीसही वर्गांची बेरीज करा. बेरीज ३०१ च्या पुढे गेली तर संशय घ्या. प्रामाणिक फासाही साधारण वीसात एकदा ही रेघ ओलांडतो, तेव्हा फेकून देण्याआधी पुन्हा २०० टाका.

टाकायचे कशात? परातीचा आवाज शेजाऱ्यांना उठवतो. शहाबादी फरशीवर कोपरे घासतात आणि फासा दिवाणाखाली जातो. बांबूचं सूप सगळ्यात बरं निघालं: तीन बाजूंनी कड, उघडी बाजू भिंतीला लावायची. नुसत्या सुपात मात्र विणीच्या फटीत फासा तिरका अडकतो, म्हणून तळाला जुन्या चादरीची दुहेरी घडी. तिरका पडला तर पुन्हा टाकायचा, हा नियम पहिल्याच दिवशी ठरवून टाका. डी४ सुपात काय, कुठेच गडगडत नाही. तो मुठीत खुळखुळवून उंचावरून सोडावा लागतो.

नकाशासाठी सगळ्यात जास्त चुका झाल्या. एक इंची चौकट म्हणजे खेळातले ५ फूट. पहिला प्रयोग फ्लेक्सवर छापलेल्या चौकटी आणि वर डायनिंग टेबलचं पारदर्शक प्लॅस्टिक. त्या मऊ पीव्हीसीत मार्करचा रंग मुरतो, लाल तर कायमचा. तिसऱ्या आठवड्यापासून जुन्या गुहेच्या भिंती नव्या जंगलात दिसायला लागल्या. लॅमिनेशनची फिल्म रंग पीत नाही. ए३ कागदावर १६ बाय ११ चौकटी बसतात. चार तुकडे पाठीमागून सेलोटेपने जोडले की ३२ बाय २२, म्हणजे १६० बाय ११० फुटांचं रणांगण. छापताना ‘ॲक्च्युअल साइज’ निवडा. दुकानदार सवयीने ‘फिट टू पेज’ करतो आणि चौकट इंचापेक्षा लहान होते. लॅमिनेशन कागदाच्या काठोकाठ कापू देऊ नका, चारही बाजूंना अर्धा सेंटीमीटर फिल्म राहू द्या, नाहीतर पावसाळ्यात कडेने ओल शिरते. मे महिन्याच्या उन्हाळ्यात रेघा चार दिवस तशाच राहिल्या की कोरड्या फडक्याने निघत नाहीत. त्याच रेघेवरून ताजा मार्कर फिरवायचा आणि ओला असतानाच पुसायचा.

प्यादी विकत घेऊ नका. कॅरमची सोंगटी आणि बाटलीचं झाकण चौकटीबाहेर जातं, चिंचोके नेमके बसतात. व्हाइटनरने त्यावर १, २, ३ घातलं की कोणत्या गोब्लिनला (खेळातला बुटका शत्रू) किती लागलं ते कळतं.

आता नियम. एसआरडी ५.१ (सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट, खेळाचे मूळ नियम) हा ४०३ पानांचा दस्तऐवज जानेवारी २०२३ मध्ये खेळाची कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टने क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्यूशन ४.० परवान्याखाली खुला केला. मूळ श्रेय दिलं की भाषांतर करून वाटायलाही मोकळीक, आणि मराठीत खेळायचं तर हीच त्यातली मोठी गोष्ट. पीडीएफ फोनमध्ये ठेवली की नेटवर्कची गरज नाही. उणिवा आहेत: प्रत्येक क्लासला (पात्राचा पेशा) एकच सबक्लास (त्याची शाखा), एकच फीट (खास कसब), आणि बॅकग्राउंडही (पात्र आधी काय करायचं) एकच, देवळातला सेवक. पण बॅकग्राउंड बदलायची मुभा त्याच दस्तऐवजात आहे, दोन कौशल्यं आपली निवडायची. गुराख्याला ॲनिमल हँडलिंग आणि सर्व्हायव्हल, कोतवालाला परसेप्शन आणि इन्साइट. मोहफुलं वेचणारी बाई सर्व्हायव्हल आणि नेचर घेऊन आली, तर रानात तीच सगळ्यांच्या पुढे चालते.

पाचशे शब्द मराठीत आणायच्या फंदात पडू नका, एक पान पुरतं. पात्राचे सहा गुण असे: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, जाण, छाप. विस्डमला ‘शहाणपण’ म्हटलं की ते बुद्धीशी मिसळतं. चाहूल लागणं, माग काढणं, समोरच्याचं मन ओळखणं हे सगळं त्यात येतं, म्हणून ‘जाण’. हिट पॉइंट म्हणजे ‘जीव’. मंत्रांची नावं इंग्रजीच राहू द्या, शोधायला सोपी पडतात.

आमच्या झाडीपट्टीत एक आयता फायदा आहे. दिवाळीनंतर वडसा भागातून नाटकं सुटतात आणि रात्र-रात्र नाटक पाहिलेल्या माणसाला पात्रात शिरायला लाज वाटत नाही. ‘डीएम भाऊ, मी त्याले पटवतो ना.’ ‘पटवशीन कसा, बोलून दाखव.’ आणि पहारेकऱ्यासमोर पाच मिनिटांचं पल्लेदार भाषण होतं. ते ऐकून घ्या, भाषण रंगलं तर ॲडव्हान्टेज द्या, पण लढाईत प्रत्येकाला अर्धा मिनिट. नाहीतर चार फेऱ्यांत रात्रीचे बारा.

पहिल्या सत्रातला सगळ्यात मोठा धोका गोब्लिन. लेव्हल १ च्या चौघांसमोर चार गोब्लिन बरोबरीचे वाटतात, हिशेब वेगळं सांगतो. एकाचे ५० एक्सपी (अनुभव-गुण), चौघांचे २००, तीन ते सहा शत्रूंसाठी दुप्पट, म्हणजे ४००. चार नवख्यांसाठी ‘डेडली’ची (जीवघेणी लढाई) पातळीही ४००. हे कोष्टक एसआरडीत नाही, २०१४ च्या मोफत बेसिक रूल्समध्ये आहे. विझार्डचा (जादूगार) कवच-अंक (हल्ला लागायला गाठायचा आकडा) १२ आणि जीव ८ धरा: गोब्लिनचा हल्ला +४, म्हणजे ८ किंवा वर पडलं की लागला, ६५ टक्के. दर फटक्याला सरासरी साडेपाच. दोन फटक्यांत विझार्ड आडवा, तोही स्वतःची पाळी यायच्या आधी. सुरुवातीला दोनच गोब्लिन ठेवा (१०० गुणिले दीड, १५०, ‘सोपी’) आणि गंमत वाटली तर दोन फेऱ्यांनी तिसरा मागून आणा.

अडचण आली की खेळाडू फोनवर शोधतात आणि उत्तर २०२४ च्या सुधारित नियमांचं मिळतं. ५.१ मध्ये क्युअर वूंड्स हा मंत्र १डी८ (एक डी८) जीव परत देतो, ५.२ मध्ये (२०२४ च्या नियमांचा एसआरडी) २डी८. जुन्या नियमांत जीव भरणारं औषध प्यायला पूर्ण ॲक्शन (पाळीतली मुख्य कृती) लागते, नव्यात बोनस ॲक्शन (जादा छोटी कृती). कोणता दस्तऐवज चालू आहे ते प्रत्येकाच्या कॅरेक्टर शीटवर वरच लिहून ठेवा.

रोवणी आटोपेपर्यंत नकाशे गुंडाळून ठेवू नका. लॅमिनेशनला बाक बसला की चिंचोके घसरत राहतात. कपाटावर पुठ्ठ्यांच्या मधे आडवे ठेवा, मार्करही उभे नाही, आडवेच.